राणीचा रुपया आणि मुजऱ्याची गोष्ट

आपल्या आजे-पणज्यांनी विलायतेची राणी पाहिली ती रुपयावर. 1840 साली व्हिक्टोरिया राणीचा चेहरा हिंदुस्थानातल्या रुपयावर आला आणि मराठी मुलखात त्याला ‘राणीछाप रुपया’ हे नाव पडले. वजन एक तोळा, नाणे चांदीचे. मॉरिशसला गेलेल्या सुरुवातीच्या गिरमिटियांचा करार पाच वर्षांचा आणि पगार महिना पाच रुपये. एक दिवस खाडा पडला की दोन दिवसांचा पगार कापायचा, हा तिथल्या साखर-मळ्यांचा रिवाज. तेव्हा महिनाअखेर पाचातले किती हाती पडत, हे मळेवाल्याच्या वहीला ठाऊक.

ही राणी हिंदुस्थानात कधी आली नाही आणि मॉरिशसलाही आली नाही. उतारवयात तिने अब्दुल करीम नावाच्या सेवकाकडून हिंदुस्थानी भाषेचे धडे घेतले, वहीत अक्षरे गिरवली, पण आगबोटीत काही ती चढली नाही. तरी ‘राणीचे राज्य’ हा शब्द आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी शेवटपर्यंत राहिला आणि त्यात तक्रार होती तसा थोडा आदरही होता. मळेवाला वाईट, मुकादम वाईट, पण राणीला कळले तर ती न्याय करील, असा तो भाव.

तो आदर अजून पुरता गेलेला नाही. इथे अमेरिकेतही लंडनच्या राजघराण्यातले लग्न किंवा 6 मे 2023 चा राज्याभिषेक पाहायला पहाटे उठून टीव्हीसमोर बसलेली घरे आपल्यात आहेत. मग मुले विचारतात. राजासमोर वाकावेच लागते का? त्याला पाठ दाखवायची नसते का? हात लावला तर शिक्षा होते का? त्याचे आडनाव काय? आम्ही प्राथमिक शाळेत शिकवतो, त्यामुळे असे प्रश्न आमच्याकडे जरा जास्तच येतात. त्यांची उत्तरे सोपी आहेत. पण त्या उत्तरांच्या मागे आपल्याच लोकांचा एक इतिहास आहे, आणि तो मुलांना कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी सोप्या गोष्टी. राजाला किंवा राणीला भेटताना अमुक केलेच पाहिजे असा सक्तीचा नियम आज नाही. राजवाड्याकडूनच तसे सांगितले जाते. ज्यांना जुनी रीत पाळायची असेल त्यांच्यापैकी पुरुषांनी फक्त मान किंचित झुकवावी, कमरेत वाकू नये. बायकांनी एक पाय मागे घेऊन गुडघे जरासे वाकवावेत. त्याला कर्टसी म्हणतात. नुसता हात मिळवला तरी चालतो, मात्र हात आधी त्यांनी पुढे करायचा. पहिल्यांदा बोलताना ‘युअर मॅजेस्टी’ म्हणायचे, पुढे राजाला ‘सर’, राणीला ‘मॅम’. हा ‘मॅम’ शब्द ‘जॅम’सारखा आखूड म्हणायचा, ‘माम’ असा लांबवायचा नाही, एवढी बारीक ताकीदही देतात. उलट्या पावली मागे सरकणे आता मोजक्या समारंभांपुरते उरले आहे. राजाला पासपोर्ट लागत नाही, कारण पासपोर्ट दिले जातात त्याच्याच नावाने. गाडी चालवण्याचा परवानाही लागत नाही. वाढदिवस दोन: एक जन्माचा, दुसरा जूनमधला सरकारी, कारण लंडनमध्ये जूनमध्ये हवा बरी असते. व्हिक्टोरिया राणी भराभर जेवायची आणि तिचे ताट उचलले की सगळ्यांची ताटे उचलत. टेबलाच्या टोकाला बसलेले पाहुणे अर्धपोटी उठत. आपल्याकडे वडीलधाऱ्यांआधी जेवायला बसत नाहीत, पण निदान बसलेल्याचे ताट कोणी ओढत नाही.

आडनावाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. राजघराण्याचे नाव होते साक्स-कोबर्ग-गोथा, अस्सल जर्मन. पहिल्या महायुद्धात जर्मनांशी लढाई जुंपली तेव्हा हे नाव अडचणीचे झाले, आणि 17 जुलै 1917 रोजी पाचव्या जॉर्जने जाहीर केले की यापुढे आपले घराणे विंडसर. विंडसर हे त्यांच्या एका किल्ल्याचे नाव. आपल्यासाठी हे साल वेगळ्या कारणाने मोठे आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये हिंदुस्थान सरकारने गिरमिटावर मजूर पाठवणे थांबवले. मजुरांच्या नोंदवह्यांत आपल्या माणसांची नावे कारकुनाच्या कानाला जशी पडली तशी लिहिली गेली, बापाच्या नावाचे आडनाव झाले, आणि ती मोडकी नावे आपण आजही लावतो. राजाने मात्र आपले नाव स्वतः निवडले.

आता अमेरिकेचे. या देशाचा जन्मच राजाशी भांडून झाला, त्यामुळे इथे वाकण्याच्या प्रश्नावर लोक फार हळवे आहेत. 1787 च्या राज्यघटनेत स्पष्ट कलम आहे की सरकार कोणालाही सरदारकीचा किताब देणार नाही. 1789 मध्ये वॉशिंग्टनला काय म्हणायचे यावर सिनेटमध्ये कित्येक दिवस वाद झाला. ‘हिज हायनेस’ने सुरू होणारे लांबलचक बिरुद सुचवले गेले. प्रतिनिधिसभेने ते मानले नाही, आणि ‘मिस्टर प्रेसिडेंट’ हे साधे संबोधन राहिले. वॉशिंग्टन पाहुण्यांना मान लववून नमस्कार करीत, हात मिळवत नसत. पुढे जेफरसन यांनी हात मिळवण्याची रीत पाडली.

जून 1939 मध्ये सहावा जॉर्ज आणि एलिझाबेथ राणी अमेरिकेत आले. गादीवर असलेला ब्रिटिश राजा इथे येण्याची ती पहिलीच वेळ. रूझवेल्ट दांपत्याने हाइड पार्कच्या आपल्या जागेत त्यांना सहलीचे जेवण दिले, त्यात हॉट डॉग ठेवले, आणि राजाने आणखी मागून खाल्ले ही बातमी दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. मे 1981 मध्ये चार्ल्स युवराज असताना इथे उतरले. अमेरिकेच्या राजशिष्टाचार प्रमुख लिओनोर ॲनेनबर्ग यांनी विमानतळावर कर्टसी केली आणि देशभर टीका झाली: आपण वाकणारे लोक नव्हे! 2009 मध्ये मिशेल ओबामा यांनी बकिंगहॅम राजवाड्यात राणीच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा लंडनची वर्तमानपत्रे चमकली. चित्र नीट पाहिले तर राणीचाही हात त्यांच्या कमरेभोवती आहे. राणीला वाईट वाटले नसावे. वाईट वाटायचे काम नेहमी भोवतालचे लोक करतात.

आपल्यापैकी ज्यांनी इथले नागरिकत्व घेतले त्यांनी शपथेत परदेशी राजा-राजपुत्रांवरची निष्ठा सोडत असल्याचे म्हटले आहे. बाकी भारतीयांना ते शब्द कदाचित शोभेचे वाटत असतील. मॉरिशसहून आलेल्यांचे तसे नाही. मॉरिशस स्वतंत्र झाले 12 मार्च 1968 रोजी, पण एलिझाबेथ राणी तिथली राज्यप्रमुख राहिली ती 12 मार्च 1992 रोजी प्रजासत्ताक होईपर्यंत. मार्च 1972 मध्ये ती स्वतः तिथे येऊन गेली, हे आपल्यातल्या वयस्कर मंडळींना आठवत असेल. म्हणजे जे 1992 च्या आधी इथे येऊन नागरिक झाले, त्यांनी हात वर करून सोडली ती खरोखरीची राणी होती.

राजाशी बोलण्याची आपल्या लोकांची रीत काय होती? प्रत्यक्ष भेट तर नव्हतीच. भेट व्हायची कागदावर, अर्जाच्या रूपाने. 1 नोव्हेंबर 1858 च्या जाहीरनाम्यात राणीने म्हटले होते की हिंदी प्रजेशी तिचे कर्तव्य बाकीच्या प्रजेशी आहे तेच राहील. हे एक वचन समुद्रापलीकडे गेलेल्या आपल्या लोकांनी पुढची साठ वर्षे पुन्हापुन्हा पुढे केले. मॉरिशसमध्ये करार संपलेल्या मजुरांना ‘जुने प्रवासी’ म्हणत. 1867 च्या कायद्याने त्यांच्यावर स्वतःचा फोटो चिकटवलेले तिकीट आणि पोलिसांचा पास सतत जवळ बाळगण्याची सक्ती आली. तिकीट घरी विसरले की पकडून नेत. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या मळेवाल्याच्या मदतीने 9,401 जुन्या प्रवाशांनी गव्हर्नरकडे अर्ज दिला. अशा अर्जांची भाषा अगदी लवून असे: आम्ही आपले नम्र अर्जदार, आम्ही आपल्या कल्याणाची सदैव प्रार्थना करणारे. बहुतेकांना सही येत नव्हती. पण त्या लवलेल्या भाषेत मार, कापलेला पगार, बेकायदा अटक हे सगळे खणखणीत सांगितले होते. द प्लेवित्झवर गोरे मळेवाले इतके चिडले की त्याला रस्त्यात मारहाण झाली. पण 1872 मध्ये विलायतेहून रॉयल कमिशन नेमले गेले आणि त्याच्या अहवालाने मजुरांच्या बहुतेक तक्रारी खऱ्या ठरवल्या. वाकून बोलणे आणि गप्प बसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिष्टाचाराचा हा उपयोग आपल्या निरक्षर पूर्वजांनी चांगला ओळखला होता.

तिकडे मायदेशी, ज्या मुलखातून आपले लोक बोटीवर चढले तिथेही, याच काळात राजापुढे कसे उभे राहायचे हा प्रश्न लोकांना पडला होता. मराठी माणसाला तो नवा नव्हताच. 12 मे 1666 रोजी आग्ऱ्याला औरंगजेबाच्या दरबारात शिवाजी महाराजांना मागच्या रांगेत उभे केले आणि महाराज भर दरबारात संतापून पाठ फिरवून निघाले, ही गोष्ट आपल्या पाळण्यापाशीच ऐकलेली असते.

1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीला दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले. राजेरजवाडे हिऱ्यामोत्यांनी लगडून आले होते. त्यांत पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताच्या पांढऱ्या कपड्यांत गेले. सभेच्या मानपत्रात राणीचे अभिनंदन होते आणि सोबत मागणी होती की हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा दर्जा मिळावा. अभिनंदनाच्या ताटात मागणी वाढून द्यायची, ही पद्धत जुन्या प्रवाशांच्या अर्जासारखीच.

त्याहून आम्हाला आवडते ती जोतीराव फुल्यांची गोष्ट. राणीचा तिसरा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, तेव्हा मुंबई इलाख्याच्या सैन्याचा सेनापती होता. मार्च 1888 मध्ये पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. शहरातले सगळे प्रतिष्ठित भरजरी पोशाखांत हजर. जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेशात, डोक्याला फाटके पागोटे, खांद्यावर घोंगडी. दारवानांनी अडवले. चिपळूणकर धावत आले आणि त्यांना आत घेऊन गेले. भोजनानंतर जोतीराव बोलायला उठले आणि राजपुत्राला म्हणाले की इथे बसलेल्या दागिनेवाल्यांवरून या देशाची परीक्षा करू नका, खेड्यांत जाऊन पाहा, आणि आईसाहेबांना जाऊन सांगा की तुमची बहुसंख्य प्रजा दरिद्री आहे, तिला शिक्षण हवे आहे. मेजवानीचे सगळे संकेत त्यांनी मोडले असे म्हणता येईल. आम्हाला तसे वाटत नाही. पाहुण्याला खरी ओळख करून देणे हाही यजमानांचा धर्मच. आणि घोंगडी पांघरलेला तो माणूस ज्यांच्या वतीने बोलत होता, त्यांच्यातलेच कित्येक त्या आधीच गिरमिटावर सही-अंगठा करून मुंबई बंदरातून गेले होते.

आता 1911 चा दिल्ली दरबार. पाचवा जॉर्ज आणि मेरी राणी 2 डिसेंबर 1911 रोजी मुंबईला अपोलो बंदरावर उतरले. ते गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीतून आत आले असा पुष्कळांचा समज आहे. कमान तेव्हा नव्हतीच. दगडी वास्तू उभी राहून खुली झाली ती 1924 च्या डिसेंबरात. 1948 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बाहेर पडली. राजाच्या येण्यासाठी बांधलेली कमान खरी कामाला आली ती त्यांच्या जाण्याला.

12 डिसेंबरला दिल्लीत दरबार भरला. संस्थानिकांनी एकेक करून पुढे जायचे, तीनदा लवून मुजरा करायचा, आणि मग पाठ न दाखवता उलट्या पावली मागे सरकायचे, असे ठरले होते. पहिला मान हैदराबादच्या निजामाचा, दुसरा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा. सयाजीराव आले ते साध्या पांढऱ्या पोशाखात, हातात काठी. दागिने त्यांनी उतरवून ठेवले होते असे सांगतात. ते एकदाच लवले, जरा मागे सरले, वळले आणि सरळ चालत निघून गेले. राजाला पाठ दिसली. मंडपात कुजबुज, विलायतेच्या वर्तमानपत्रांत गदारोळ. दरबाराचे चलचित्रही घेतलेले होते, तेव्हा लंडनच्या लोकांनी ती पाठ पडद्यावरही पाहिली. सयाजीरावांना गादीवरून काढा, इथपर्यंत मागण्या गेल्या.

सयाजीरावांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना पत्र लिहून दिलगिरी कळवली. गोंधळून गेल्यामुळे तसे झाले, अपमानाचा हेतू नव्हता, असे त्यात होते. मुद्दाम केले की चुकून झाले यावर अजून वाद चालतो. आमचे मत सांगतो: पोशाख मुद्दाम, पाठ कदाचित चुकून. बडोद्याच्या गादीवर छत्तीस वर्षे बसलेल्या माणसाला दागिने घालायचे विसरत नाही. माफीचे पत्र सांगितले की मुलांचा चेहरा पडतो, त्यांना महाराज न नमलेले हवे असतात. पण संस्थान हातचे गेले असते तर त्या राज्यातल्या शाळा कोणी चालवल्या असत्या? पत्राला चार आणे खर्च आला, शाळा राहिल्या.

कारण सयाजीराव मूळचे राजपुत्र नव्हतेच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला हा मुलगा, नाव गोपाळराव. 1875 मध्ये दत्तक घेऊन बडोद्याला आणला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत ज्याने पाटी धरली नव्हती, त्याने 1893 मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि 1906 मध्ये ते सगळ्या राज्यात नेले. सारे आयुष्य पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवायला लावण्यात गेलेल्या आम्हाला या एका गोष्टीसाठी ते राजा म्हणून मान्य आहेत. तीनदा मुजरा करायलाही आमची ना नाही.

आपण जिथे राहतो त्या देशाशीही त्यांचे नाते होते. 1906 मध्ये आणि पुन्हा 1910 मध्ये ते अमेरिकेत आले, इथल्या शाळा आणि वाचनालये हिंडून पाहिली. गावोगावच्या मोफत वाचनालयांनी ते इतके भारावले की विल्यम ॲलन्सन बॉर्डन या कनेक्टिकटच्या ग्रंथपालाला त्यांनी बडोद्याला नेले. बॉर्डन यांनी 1910 ते 1913 या काळात तिथे वाचनालयांची घडी बसवली. खेड्यांकडे पुस्तकांच्या पेट्या जाऊ लागल्या. दिल्लीत राजाला पाठ दिसली त्या डिसेंबरात बडोद्यात एक अमेरिकन माणूस गुजराती-मराठी पुस्तके लावत बसला होता.

आणि 1913 च्या जूनमध्ये बडोदा सरकारने एका तरुणाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, तीन वर्षे, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिक्षण, परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचे, म्हणजे ज्या जिल्ह्यातून आपल्यातल्या पुष्कळांचे पूर्वज निघाले तिथलेच. त्यांच्या जातीच्या माणसाने वरच्या जातीचा कोणीही दिसला तरी दुरूनच ‘जोहार मायबाप’ म्हणायचे, असा गावोगावचा शिष्टाचार होता. तो विलायतेच्या कोणी राजाने घातलेला नव्हता, आपण घातलेला होता. आपल्या बोटींवर कुणबी होते, मराठे होते, महारही होते. जोहार घेणारे आणि घालणारे एकाच फलाटावर झोपले, एका भांड्यातले जेवले. मॉरिशसच्या किनाऱ्यावर उतरताना यातले किती टिकले, किती विरले, हे आपापल्या घरात आठवून पाहण्यासारखे आहे. राजाच्या मुजऱ्याची चर्चा करताना ती आठवण वगळणे आम्हाला बरे वाटत नाही. आंबेडकर जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला उतरले. इथे बरोबरच्या विद्यार्थ्यांसोबत एका टेबलावर बसून जेवण्याचा अनुभव त्यांना नवा होता, आणि त्याबद्दल त्यांनी पुढे लिहिले-बोलले आहे. 1915 मध्ये ते एम. ए. झाले.

12 नोव्हेंबर 1930 रोजी लंडनमध्ये लॉर्डांच्या सभागृहाच्या रॉयल गॅलरीत पहिल्या गोलमेज परिषदेचे उद्घाटन पाचव्या जॉर्जनेच केले. एकोणीस वर्षांपूर्वी दिल्लीत ज्याला पाठ दिसली होती तोच हा राजा. संस्थानिकांच्या बाजूला सयाजीराव होते, सदुसष्ट वर्षांचे. हिंदी प्रतिनिधींमध्ये डॉक्टर आंबेडकर होते. राजाचे भाषण सुरू होताना सगळे उभे राहिले, आणि भाषण संपल्यावर राजा निघून गेला. प्रतिनिधी खाली बसून कामाला लागले.